समुद्र नाही, तरी गंज आहे

खानदेशात गाडीविषयी दोन मतं इतकी मुरलेली आहेत की त्यावर कुणी वादही घालत नाही. पहिलं मत असं की गंज हे कोकणाचं आणि मुंबईचं दुखणं; तापीच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे लोखंडाला गंज धरायला ओल येणार कुठून? दुसरं मत असं की गाडी रस्त्यात बंद पडणं हा नशिबाचा भाग. पडली तर बघू, फोन खिशात आहेच. यावल, रावेर, चोपडा या केळीपट्ट्यात जुनी गाडी विकणारा ‘इकडचीच आहे, पत्रा एकदम कोरा’ हे वाक्य हमखास टाकतो, आणि घेणाराही खाली न वाकता मान डोलावतो. ही दोन्ही मतं चुकीची आहेत. शिवाय ती वेगवेगळी नाहीत. या पट्ट्यात गाडी रस्त्यावर ज्या कारणांनी अडते, त्यातली बरीचशी गंजाची असतात, आणि गंज इथे नसतोच असं आधीच ठरवून टाकल्यामुळे ती कारणं कुणी शोधत नाही.

पहिल्या मताला अर्धा आधार आहे, तो मान्य करून पुढे जाऊ. उघड्यावर ठेवलेला लोखंडाचा तुकडा रत्नागिरीत जितक्या लवकर खराब होईल तितक्या लवकर यावलमध्ये होणार नाही. इथल्या गाडीचं टप, बॉनेट, दारांचा वरचा भाग वर्षानुवर्षं चांगला राहतो. फसगत नेमकी तिथेच होते, कारण आपण गाडी वरून बघतो आणि गंज तिला खालून खातो. लोखंड गंजायला पाऊस लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की धातूवर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा बसतो आणि क्रिया सुरू होते. या पट्ट्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्या काळात हवा ही पातळी सहज ओलांडते. पुढे हिवाळ्यात रात्री पारा इतका उतरतो की केळीवाले थंडीच्या धास्तीने बागेला पाणी देत बसतात. अशा रात्री बागेच्या बांधावर उभ्या गाडीच्या पत्र्यावर दव साचतं. केळीला बारा महिने पाणी लागतं, म्हणजे बागेतली हवा तालुक्याच्या सरासरी हवेपेक्षा ओलसरच असते. त्यात भर अशी की सतत भिजलेल्या लोखंडापेक्षा भिजून सुकणारं, पुन्हा भिजणारं लोखंड जास्त गंजतं, कारण सुकत आलेल्या पातळ थरातून प्राणवायू धातूपर्यंत भराभर पोचतो. इथल्या गाडीचं वर्ष नेमकं असंच जातं.

कोरड्या हवेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा लाडका साक्षीदार म्हणजे दिल्लीचा लोहस्तंभ. सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, गंजला नाही, का तर दिल्लीची हवा कोरडी. हा साक्षीदार उलटतपासणीत टिकत नाही. कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभावर वर्षानुवर्षं काम केलं आणि दाखवून दिलं की त्याच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण आजच्या पोलादापेक्षा पुष्कळ जास्त आहे. त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक संरक्षक थर तयार झाला. हवेने त्याला मदत केली, पण मूळ श्रेय त्या लोखंडाचं. आजच्या गाडीच्या पत्र्यात फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेला असतो, तेव्हा तो दाखला इथे लागूच पडत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे १९६१ साली स्तंभाच्या पायाशी खोदलं तेव्हा जमिनीखालच्या भागावर गंजाचे थर सापडले. तोच स्तंभ, तीच दिल्ली, तोच काळ. वर हवेत निर्मळ आणि खाली मातीत गंजलेला. गाडीच्या बाबतीत लोहस्तंभाची साक्ष काढायचीच असेल तर ती पूर्ण काढावी.

आता मिठाकडे येऊ. समुद्र गाडी खातो तो क्लोराइडमुळे. खाऱ्या वाऱ्यातलं सोडियम क्लोराइड पत्र्यावर बसतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पत्र्यावरचा संरक्षक थर क्लोराइड फोडून काढतो. यावलला समुद्र नाही हे खरं, पण केळी आहे, आणि केळीइतकं पालाश खाणारं पीक विरळा. हे पालाश शेतात येतं ते बहुतेक म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीतून, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच्या रूपात. त्याच्या वजनात जवळपास ४७ टक्के क्लोराइडच असतं. सोडियमच्या जागी पोटॅशियम आलं एवढाच फरक. पत्रा खाणारा घटक दोन्हीकडे तोच. गोणी पिकअपमधून, छोट्या हत्तीतून, पुष्कळदा कारच्या डिकीतूनही येते. शिवणीतून चार मुठी सांडतात, त्या मॅटखाली किंवा हौद्याच्या कोपऱ्यात जातात आणि तिथेच राहतात. एकट्या पोटॅशला हवेतलं पाणी ओढायला आर्द्रता ऐंशीच्या वर जावी लागते, एकट्या युरियाला सत्तर-पंचाहत्तर. पण दोन्ही एकत्र सांडले की तो मिश्रणाचा चुरा साठ टक्क्यांच्या आसपासच पाझरायला लागतो. खतं एकत्र साठवल्यावर गोण्या का ओलावतात हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतं. तोच ओलावा डिकीच्या तळाशीही होतो, हे मात्र लक्षात घेतलं जात नाही. याच्या जोडीला ठिबकच्या नळ्यांतला क्षार काढायचं ॲसिड. त्याचा कॅन झाकण नीट न लावता गाडीत ठेवला, आणि ते हायड्रोक्लोरिक असेल, तर त्याची वाफच डिकीतल्या पत्र्याला पुरते. कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखं तांब्याचं बुरशीनाशक ओल्या लोखंडावर सांडलं तर तांबं लोखंडावर बसतं आणि दोन धातूंची एक छोटी बॅटरीच तयार होते, जिच्यात लोखंड झिजतं. हे सगळं मुंबईच्या गाडीच्या वाट्याला येत नाही. मरीन ड्राइव्हवर उभी राहणारी गाडी खारा वारा झेलते. यावलच्या गाडीत मीठ गोणीने भरलेलं असतं.

मिठाला धरून ठेवण्याचं काम काळी माती करते. कापसाची काळी जमीन पाणी शोषून फुगते आणि सुकताना आकसते, ती तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजामुळे. पिकाला जो गुण वरदान, तोच गाडीला शाप. मडगार्डच्या आत, चासीच्या खाचेत, दाराखालच्या पोकळ पत्र्यात ही माती बसली की वरून कोरडी दिसते आणि आत कित्येक दिवस ओल धरून राहते. मातीच्या थराखाली प्राणवायू कमी, थराच्या कडेला जास्त, आणि अशा फरकात लोखंड जिथे प्राणवायू कमी तिथेच झिजतं. म्हणून भोक पडतं ते नेहमी चिखल बसलेल्या जागी. दारांच्या आणि दाराखालच्या पोकळ पत्र्यांना पाणी निघून जायला कंपनीने भोकं ठेवलेली असतात. चिकट माती ती बुजवते आणि पत्रा आतून सडू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे रंगाला फुगे येतात. फुगा दिसला म्हणजे गंज सुरू झाला असं लोक समजतात. खरं तर तेव्हा तो आतून बाहेर पोचलेला असतो. त्यावर लांबी भरून रंग मारणं हा इलाज नव्हे, गिऱ्हाइकाची समजूत काढणं आहे.

इथेच ‘इकडचीच गाडी’ या वाक्याचाही हिशोब करावा लागतो. खानदेशातली हजारो कुटुंबं सुरतेत उधना, लिंबायत भागांत स्थायिक आहेत, मुंबई-ठाण्यात आहेत. येणंजाणं रोजचं, आणि जुन्या गाड्याही त्याच वाटेने गावाकडे येतात. खाऱ्या हवेत पाच-सात वर्षं काढलेली गाडी यावलला आली म्हणून तिच्या खाचांतलं मीठ धुऊन निघत नाही. पुरात बुडालेल्या गाडीचं तर विचारूच नका. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीने सुरतेचा बहुतेक भाग बुडवला, त्याच्या आदल्या वर्षी २६ जुलैला मुंबई बुडाली. अशा प्रत्येक पुरानंतर भिजलेल्या गाड्या धुऊनपुसून लांबच्या, कोरड्या बाजारात विकल्या जाण्याचा धोका असतो, कारण तिथला गिऱ्हाईक गंज बघतच नाही. तेव्हा आरसी बुकातलं गाव बघण्याऐवजी स्टेपनीच्या खड्ड्यातली मॅट उचलावी, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का बघावं, सीटखालचे बोल्ट तपासावेत.

आता दुसऱ्या मताकडे. टायर पंक्चर झाला ही घटना अचानक घडलेली असेल. चाक बदलता आलं नाही, ही मात्र अचानक नसते. पुष्कळ पिकअपना आणि मोठ्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीने किंवा तारेने टांगलेली असते, बरोबर त्याच जागी जिथे चाकांनी उडवलेला चिखल सगळ्यात जास्त बसतो. तीन पावसाळे ती कुणी खाली उतरवली नाही, तर तिची यंत्रणा जाम होते. स्टेपनी निघाली तर चाकाचे नट हलत नाहीत, कारण पंक्चरवाल्याने हवेच्या गनने ते गरजेपेक्षा जास्त आवळलेले असतात आणि वरून गंजाने त्यांना धरलेलं असतं. नट सुटले तर जॅक फिरत नाही. तो फिरला तर जॅक लावायच्या जागेचा पत्रा सडलेला, गाडी वर यायच्या ऐवजी पत्राच आत जातो. यातलं एकही दैवाने दिलेलं नाही. पावसाळा संपल्यावर अर्धा तास खर्चून स्टेपनी उतरवून, नट हाताच्या पान्याने एकदा सैल करून, तारेच्या ब्रशने साफ करून पुन्हा बेताने आवळले असते तर रस्त्यावरचं सगळं संकट वीस मिनिटांचं काम झालं असतं. ते काम करतानाही नट अर्धा फेरा सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना, आणि काळ्या मातीच्या साइडपट्टीवर जॅकखाली फळी टाकायची, नाहीतर जॅक मातीत रुततो आणि गाडी घसरते.

बॅटरीचंही तसंच. ‘थंडीने बॅटरी गेली’ हे डिसेंबरात सर्रास ऐकू येतं. बॅटरी थंडीने जात नाही, थंडीत फक्त ते उघडकीला येतं. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, या ढोबळ नियमाने खानदेशचा उन्हाळा बॅटरीतल्या शिशाच्या जाळ्या झिजवतो आणि पाणी उडवतो. मेमध्ये अर्धी मेलेली बॅटरी पहिल्या गार सकाळी उठत नाही. कित्येकदा तर बॅटरी चांगलीच असते, टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली असते किंवा बॅटरीची अर्थिंगची वायर चासीला जिथे बसते तो बोल्ट गंजलेला असतो, आणि करंट पुढे जात नाही. नवी बॅटरी घेऊन तीच तक्रार पुन्हा घेऊन येणारे गिऱ्हाईक प्रत्येक शहरात आहेत. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून टर्मिनल धुणं, उणे टोक आधी काढणं आणि शेवटी लावणं, वर व्हॅसलिनचा हात फिरवणं, एवढ्याने भागतं. ब्रेकचं प्रकरण मात्र इतकं स्वस्त नाही. गाडीच्या पोटाखालून जाणारे ब्रेक ऑइलचे पाइप पोलादी असतात. ते गंजून फुटले की पॅडल पायाखाली बसतं. अशा वेळी पॅडल भराभर पंप करा, गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा असं शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण हँडब्रेकची केबलही त्याच पोटाखालून, त्याच चिखलातून जाते. संकटातला शेवटचा उपायही गंजाने आधीच निकामी केलेला असू शकतो.

तापलेल्या इंजिनाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण इथे गंज आणि रस्ता यांची गाठ सगळ्यात घट्ट बसते. भुसावळकडे किंवा चोपड्याकडे जाताना एप्रिलच्या दुपारी बॉनेट उघडून उभी असलेली गाडी हे नेहमीचं दृश्य. दोष उन्हाला दिला जातो. पण उन्हासाठीच तर रेडिएटर असतो. बंद, दाबाखालच्या यंत्रणेत कूलंट सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. मग गाडी तापते का? कूलंट कमी झालं की आपण बोअरचं पाणी ओततो म्हणून. कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर गंजरोधक रसायनं असतात. पाणी ओतत गेलं की ती पातळ होत जातात. बोअरच्या जड पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, इंजिनच्या ओतीव लोखंडाला आतून गंज चढतो, त्याचा तांबूस गाळ वॉटर पंप आणि नळ्यांमध्ये फिरतो. ‘पाणीच तर आहे, त्याने काय होतं’ म्हणणारा माणूस ठिबकच्या नळ्या त्याच पाण्याच्या क्षाराने बुजतात म्हणून दर हंगामात ॲसिड सोडतो, हे मोठं गमतीचं आहे. तापलेली गाडी बाजूला घेतल्यावर करायचं काय, तर एसी बंद, इंजिन बंद, आणि चांगला अर्धा तास काहीही न करणं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं तर दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, आणि तापल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर ओतीव भागाला चीर जाऊ शकते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटची बाटली डिकीत असली तर गावच्या विहिरीवर जायची वेळ येत नाही.

आक्षेप येतो की आताच्या गाड्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या येतात, त्यांना गंज लागत नाही. जस्ताचा थर खरोखर उपयोगी आहे. ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. पण ते झिजतं, हेच तर त्याचं काम आहे. शिवाय सगळी गाडी जस्ताची नसते: सस्पेन्शनचे भाग, ब्रेक पाइप, सायलेन्सर, स्टेपनीची साखळी, नट-बोल्ट यांना बाहेरचा पत्रा वाचवत नाही. गंजाची वॉरंटी काढून वाचली तर दगड लागून उडालेला रंग, रसायनं, खत अशी कारणं तिच्यातून सरळ वगळलेली दिसतात. दुसरा आक्षेप मला जास्त प्रामाणिक वाटतो: शोरूमचं अंडरकोटिंग ही लूट आहे. पुष्कळदा आहेच. जुन्या गाडीचं पोट न खरवडता, न सुकवता त्यावर काळा रबरी थर मारला तर माती आणि मीठ आत बंद होतं. वर्षा-दोन वर्षांत थराला कुठेतरी भेग पडते, पाणी आत शिरतं, आणि गंज आता कुणाला दिसतही नाही. पण कोटिंग वाईट मारलं जातं यावरून गंज नसतो असा निष्कर्ष निघत नाही. तसाच गॅरेजचा उपाय, पोटाखाली जळकं ऑइल फवारणं. तेलाचा थर थोडे दिवस ओल अडवतो, एवढं खरं. मात्र वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि धातूचे कण असतात, ते रबरी बुश आणि पाइप फुगवतं, धूळ चिकटवतं, आणि थेंबाथेंबाने शेतात उतरतं. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. ज्या जमिनीत केळी लावायची तिच्यावर ते शिंपडण्यात कसलीही काटकसर नाही. उरतो तो साधा उपाय: खत वाहिलं त्या दिवशी पोटाखालून आणि मडगार्डच्या आतून पाण्याचा फवारा, बुजलेली भोकं काडीने मोकळी करणं, गाडी उघड्यावर वाळवणं, उघड्या पडलेल्या जागा खरवडून रेड ऑक्साइडचा हात, आणि पोकळ पत्र्यांत मेणासारखा न वाळणारा गंजरोधक. वेळ नाही म्हणणाऱ्याने एवढंच बघावं की फवारणीचा पंप तो दर वेळी धुतोच. पंप धुतला नाही तर पुढची फवारणी बिघडते म्हणून.

राहिला फोन. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे, कुठल्याही संकटाला ११२, रुग्णवाहिकेला १०८. तिन्ही नंबर पाठ असावेत. पण पहिला राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे; पाल गावाकडे किंवा यावल अभयारण्यातल्या वस्त्यांकडे जाणाऱ्या सातपुड्याच्या रस्त्यावर तो कामाचा नाही, आणि डोंगरातल्या वळणावर रेंज असेलच असं नाही. शिवाय मेकॅनिक येईपर्यंत गाडी रस्त्यावर उभीच असते, आणि खरा धोका त्या वेळातच आहे. आपल्याकडे बंद ट्रकभोवती दगड आणि फांद्या मांडायची पद्धत आहे. ट्रक दुरुस्त होऊन जातो, दगड तिथेच राहतात, आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर आदळतो. ही पद्धत नव्हे, गुन्हा आहे. गाडीही इतरांना धोका होईल अशी सोडायची नाही हे मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतं. लाल परावर्ती त्रिकोण गाडीसोबत येतो. तो निदान पन्नास मीटर मागे, वेगवान रस्त्यावर त्याहून लांब ठेवायचा, चारही इंडिकेटर चालू, माणसं गाडीतून उतरून रस्त्याच्या बाजूला. जखमी दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाण्याचं कारण आता उरलेलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. पावसाळ्यात नाल्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर तिथेही थांबायचंच. फूटभर वाहतं पाणी लहान कार उचलू शकतं, आणि पलीकडे गेली तरी ती गाडी पोटभर गाळ घेऊन जाते.

नव्या गाडीला स्टेपनीच नाही, मग हा सगळा उपदेश कशाला, असंही विचारलं जाईल. २०२० सालच्या नियमदुरुस्तीने, टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती काढून टाकली, हे खरं. पण किटमधला द्रव टायरच्या बाजूला पडलेली चीर भरत नाही, आणि सातपुड्याच्या पायथ्याचे दगड बऱ्याचदा टायरला बाजूनेच फाडतात. शहरापुरता तो नियम सोयीचा असेल; केळीपट्ट्यातल्या गिऱ्हाइकाने स्टेपनीशिवाय गाडी घेऊ नये.

गाडी विकणाऱ्याने पुढच्या वेळी ‘पत्रा कोरा आहे’ म्हटलं, तर त्याला गाडी रॅम्पवर चढवायला सांगा. तो नाही म्हणाला तर ती गाडी घेऊ नका.